चौसष्ट घरांची वाट

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले, की थोड्याच अंतरावर पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. 20 डिसेंबर 1956 रोजी संत गाडगे महाराजांनी या गावाजवळ देह ठेवला. त्यामुळे वऱ्हाडात वलगावचे नाव ज्याने ऐकले नाही, असा माणूस विरळा. हा सारा काळ्या मातीचा मुलूख. उन्हाळ्यात शेते मोकळी होतात, दुपारचे ऊन तापू लागते आणि मग वलगावसारख्या गावांतून लोक लिंबाच्या सावलीला किंवा देवळाच्या ओवरीत विसाव्याला बसतात. अशा वेळी बुद्धिबळाचा पट मांडला गेला, की खेळणारे दोघे आणि पाहणारे दहा, असा देखावा दिसतो. चाल खेळणाऱ्याला सुचण्यापूर्वीच ती पाहणाऱ्यांना सुचते. हार झाली तर हसून पट गुंडाळायचा आणि ऊन कलले, की आपापल्या कामाला लागायचे, अशी ही रीत आहे.

या पटावरचे नियमही देशी असतात. प्यादे प्रत्येक वेळी एकच घर पुढे सरकते. राजाला शह बसला नसेल, तर त्याला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे जाण्याची सवलत मिळते. आंतरराष्ट्रीय नियमांत असे नाही. तेथे प्यादे आपल्या पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते आणि राजाला अडीच घरांची उडी घेता येत नाही. त्याऐवजी हत्तीच्या साहाय्याने त्याला एकदा किल्लेकोट करता येतो. तथापि पट तोच, सोंगट्या त्याच आणि राजाला कोंडीत पकडण्याची ईर्ष्याही तीच. मग करमणुकीसाठी खेळला जाणारा ओट्यावरचा हा खेळ आणि ज्यातून राष्ट्रीय विजेते घडतात तो खेळ, यांत अंतर ते कोणते?

पहिले अंतर घड्याळाचे. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला ठरावीक वेळ मिळतो. मोठ्या स्पर्धांतील दीर्घ डावात पहिल्या चाळीस चालींसाठी बहुधा दीड तास असतो. चाल खेळून घड्याळाची कळ दाबली, की आपला वेळ थांबतो आणि प्रतिस्पर्ध्याचा वाहू लागतो. ज्याचा वेळ संपतो, तो पटावर वरचढ असला तरी सामान्यतः डाव गमावतो. दुसरे अंतर शिस्तीचे. सोंगटीला हेतुपूर्वक हात लावला, की तीच खेळावी लागते. चाल मागे घेता येत नाही. दीर्घ डावांत प्रत्येक चाल कागदावर लिहून ठेवावी लागते. भोवतीच्या कोणी एक शब्दही सुचवता कामा नये. तिसरे अंतर हिशेबाचे. जिंकल्यास एक गुण, बरोबरी झाल्यास अर्धा आणि हरल्यास शून्य, अशी मोजणी होते. त्याखेरीज प्रत्येक खेळाडूच्या बळाचे मोजमाप करणारा एक आकडा असतो, त्यास गुणांकन म्हणतात. आपल्याहून बलवान खेळाडूस हरवले तर तो बराच वाढतो. दुबळ्याकडून हार पत्करली तर तितकाच घसरतो.

या खेळातील सर्वोच्च किताब ग्रँडमास्टर हा होय. तो मिळविण्यासाठी सामान्यतः गुणांकन 2500 पर्यंत न्यावे लागते आणि बलवान खेळाडूंच्या स्पर्धांत तीन वेळा ठरावीक दर्जाची कामगिरी करून दाखवावी लागते. अशा एकेका कामगिरीस निकष म्हणतात. कित्येक खेळाडूंची उमेदीची वर्षे हे तीन निकष गोळा करण्यातच निघून जातात. अमरावतीच्या स्वप्नील धोपाडे यांनी 2015 साली हा किताब मिळविला, तेव्हा वऱ्हाडातील मुलांना ही वाट आपल्याही अंगणातून जाते, याची खूण पटली.

बुद्धिबळाच्या स्पर्धांत महाराष्ट्राचे नाव पूर्वीपासून आहे. 1955 साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा मात्र 1974 साली प्रथम भरली. बंगलोर येथे झालेल्या त्या स्पर्धेत मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या. पुढील दशकभर त्या आणि त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनी या अजिंक्यपदावर जणू आपल्या घराण्याची मोहोर उमटविली.

या तिघींतील सर्वांत धाकटी रोहिणी. 1976 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास उतरली. तोपर्यंत कोणतीही स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. एका मुलीने पुरुषांत खेळावे हे अनेकांना रुचले नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर निर्णय रोहिणीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही, स्त्री आहे एवढ्याच कारणाने कोणाला राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पुढे 1981 साली हैदराबाद येथे रोहिणी आशियाची विजेती झाली. पटावरच्या सोंगटीला खेळणारा हात कोणाचा, हे कळत नाही. ही साधी गोष्ट मान्य करून घेण्यासाठी एका तेरा वर्षांच्या मुलीला न्यायासनासमोर दाद मागावी लागली, हे विसरण्याजोगे नाही.

त्या घटनेनंतर एकोणतीस वर्षांनी, 9 डिसेंबर 2005 रोजी, नागपूर येथे दिव्या देशमुख हिचा जन्म झाला. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर. घरची थोरली मुलगी बॅडमिंटन शिकावयास जात असे. तिच्यासमवेत चिमुकली दिव्याही जाई; पण रॅकेट पेलण्याइतके तिचे वय नव्हते. त्याच इमारतीत बुद्धिबळाचे वर्ग चालत. तेथे तिला बसविण्यात आले. पाच वर्षांच्या आतबाहेरचे ते वय. खेळाची निवड तिने केली असे म्हणण्यापेक्षा खेळानेच तिची निवड केली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. नागपूरचे राहुल जोशी हे तिचे पहिले मार्गदर्शक. ही मुलगी एक दिवस ग्रँडमास्टर व्हावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

फळ लवकरच दिसू लागले. 2012 साली सात वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिव्या विजयी झाली. 2014 साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे ती दहा वर्षांखालील मुलींत जगज्जेती ठरली आणि 2017 साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील गटाचे जागतिक अजिंक्यपदही तिने मिळविले. एवढ्या लहान वयात खंडे ओलांडून जायचे, अनोळखी दालनात अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर चार चार तास निश्चल बसायचे आणि हरल्यास दुसऱ्याच दिवशी सारे विसरून पुन्हा पट मांडायचा, हे सोपे नव्हे. या प्रवासांत आई तिच्या सोबतीला असे. पटावर सोबती कोणी नसतो. पण पटावरून उठल्यावर एखादे जवळचे माणूस दिसावे लागते.

2020 साली महामारीमुळे जगातील सारे व्यवहार ठप्प झाले. बुद्धिबळाचे ऑलिंपियाडही त्या वर्षी संगणकावरून खेळविण्यात आले. चौदा वर्षांची दिव्या भारतीय संघात होती. अंतिम सामन्यात भारताची गाठ रशियाशी पडली. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत डाव चालू असतानाच निहाल सरीन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला. पटावर चाल करता येईना आणि घड्याळ तर थांबेना! वेळ संपला आणि दोघांचेही डाव गेले. भारताने दाद मागितली. खेळाडूंचा दोष नसता त्यांना पराभूत मानणे उचित नव्हे, असे ठरून भारत व रशिया या दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आले. आपल्या हाती नसलेल्या गोष्टींनीही डाव फिरू शकतो आणि तरीही शांत राहावे लागते, हा धडा दिव्याला असा कोवळ्या वयात मिळाला. 2021 साली तिला महिला ग्रँडमास्टर हा किताब प्राप्त झाला.

आता राष्ट्रीय अजिंक्यपदाकडे वळू. वयोगटांच्या स्पर्धांत समवयस्कांशी गाठ पडते. राष्ट्रीय महिला स्पर्धेत तशी सवलत नसते. तेथे दहा दहा, पंधरा पंधरा वर्षे खेळून मुरलेल्या खेळाडू समोर येतात. त्यांना सर्व खाचाखोचा ठाऊक असतात. नवख्या खेळाडूचे धाडस त्या थोपवून धरतात आणि तिची चूक होण्याची धीराने वाट पाहतात. 2022 साली भुवनेश्वर येथे भरलेल्या या स्पर्धेत सोळा वर्षांची दिव्या पहिली आली आणि भारताची राष्ट्रीय महिला विजेती झाली. लागोपाठ कोल्हापूर येथे झालेल्या पुढच्या स्पर्धेत तिने हे पद राखलेही. पद मिळविण्याहून पद राखणे कठीण, असे जाणते लोक म्हणतात. प्रथम येणाऱ्याकडे कोणाचे लक्ष नसते. विजेत्याचे मात्र सारे जुने डाव प्रतिस्पर्धी रात्री जागून तपासतात. दुसऱ्यांदा जिंकायचे, तर आपली वाट बदलून खेळता आले पाहिजे.

राष्ट्रीय अजिंक्यपद हा शेवट नव्हता. तो उंबरठा होता. 2022 सालच्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये तिने वैयक्तिक कांस्यपदक मिळविले. 2023 साली अल्माटी येथे ती आशियाची विजेती झाली. त्याच वर्षी कोलकाता येथील जलद बुद्धिबळाच्या स्पर्धेत एका खेळाडूच्या जागी तिला ऐन वेळी बोलावण्यात आले. मानांकनात ती सर्वांच्या शेवटी होती. स्पर्धा संपली तेव्हा सर्वांच्या आरंभी होती. 2024 साली गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत अकरा डावांत दहा गुण मिळवून तिने अजिंक्यपद पटकाविले.

याच वर्षाच्या आरंभी ती नेदरलँड्समध्ये खेळावयास गेली होती. तेथून परतल्यावर अठरा वर्षांच्या या मुलीने एक गोष्ट उघडपणे सांगितली. पुरुष खेळला, तर पाहणारे त्याच्या चालींची चर्चा करतात; स्त्री खेळली, तर तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांचीच अधिक चर्चा होते, ही तिची खंत होती. रोहिणी खाडिलकरच्या वेळी दार बंद होते. दिव्याच्या वेळी दार उघडलेले होते, परंतु आत आलेल्या मुलीकडे पाहण्याची दृष्टी अद्याप पुरती निवळली नव्हती. अशा वेळी गप्प बसणे सोयीचे असते. दिव्या बोलली आणि त्यानंतर उत्तर देण्यासाठी पुन्हा पटाकडे वळली.

ते उत्तर सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्ट येथे मिळाले. ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक जिंकले. तिसऱ्या पटावर दिव्याने अकरा डावांत साडेनऊ गुण मिळविले आणि त्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदकही तिच्याकडेच आले.

तिच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी कसोटी मात्र जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी या समुद्रकाठच्या शहरी लागली. ही महिलांची विश्वचषक स्पर्धा होती. ती बाद पद्धतीने खेळविली जाते. दोघींनी एकमेकींशी दोन दीर्घ डाव खेळावयाचे; जी हरेल तिने घरी परतावयाचे. गुण समान झाले, तर कमी वेळाचे जलद डाव खेळून निकाल लावायचा. साखळी स्पर्धेत आजची चूक उद्या भरून काढता येते. येथे तो उद्या कदाचित उगवतच नाही. जगभरातून एकशे सात खेळाडू आल्या होत्या. दिव्याचे मानांकन पंधरावे होते. तिच्या नावावर तोपर्यंत ग्रँडमास्टर किताबाचा एकही निकष नव्हता. या स्पर्धेत एखादा निकष पदरात पडला तरी पुष्कळ, अशी माफक आशा धरून ती आली होती.

चौथ्या फेरीत तिच्यापुढे चीनची दुसरी मानांकित झू जिनेर आली. जलद डावांत दिव्याने तिला हरविले. उपान्त्यपूर्व फेरीत भारताच्याच अनुभवी ग्रँडमास्टर द्रोणवल्ली हरिका यांच्याशी सामना पडला. तोही तिने जलद डावांत जिंकला. उपान्त्य फेरीत चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी समोर होती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा डाव एकशे एक चालींपर्यंत लांबला. अशा डावात बुद्धीपेक्षाही चिकाटीची परीक्षा होते. डोळे शिणतात, घड्याळ पळते आणि एका घराची चूक तासांची मेहनत धुळीस मिळविते. तो डाव दिव्याने जिंकला. अंतिम फेरी गाठताच 2026 सालच्या महिला आव्हानवीर स्पर्धेत खेळण्याचा हक्क तिला मिळाला.

अंतिम फेरीत तिची गाठ कोनेरू हंपी यांच्याशी पडली. दोन्ही खेळाडू भारताच्याच. म्हणजे चषक भारतात येणार, हे ठरलेलेच होते. तो कोणाच्या हाती येणार, एवढाच प्रश्न उरला होता. हंपी 2002 साली ग्रँडमास्टर झाल्या. त्या वेळी दिव्याचा जन्मही झाला नव्हता. जलद बुद्धिबळाचे जागतिक अजिंक्यपद तर हंपी यांनी 2019 आणि 2024 असे दोनदा मिळविलेले. एकीकडे अडतीस वर्षांचा परिपक्व अनुभव, दुसरीकडे एकोणीस वर्षांची उमेद. पहिल्या दीर्घ डावात दिव्याला जिंकण्याची संधी आली होती. ती निसटली आणि बरोबरी झाली. दुसरा डावही बरोबरीत सुटला.

28 जुलै रोजी जलद डाव झाले. वेळ जेमतेम पंधरा मिनिटांचा आणि प्रत्येक चालीस आणखी काही सेकंदांची भर. जलद खेळात जगज्जेत्या असलेल्या हंपी यांचे पारडे जड आहे, असे पुष्कळांना वाटत होते. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. डाव लांबला, पटावरची सैन्ये विरळ झाली आणि घड्याळाचा ताण वाढत गेला. त्या घाईत हंपी यांच्या हातून चूक झाली. दिव्याने ती अचूक हेरली. अखेर हंपी यांनी डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड अशा गुणांनी दिव्या देशमुख विश्वचषक विजेती ठरली.

या स्पर्धेच्या विजेतीस ग्रँडमास्टर हा किताब थेट बहाल केला जातो. त्यामुळे एकाही निकषाशिवाय आलेली ही मुलगी भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर होऊन परतली. भारतीय स्त्रियांत हा मान मिळविणारी ती चौथी. हंपी, हरिका आणि वैशाली या तिच्या आधीच्या तिघी. डाव संपताच तिला अश्रू आवरेनात. आईला मिठी मारून ती रडली. हा विजय तिने आपल्या पहिल्या गुरूंना, राहुल जोशी यांना अर्पण केला. आपल्या शिष्येला ग्रँडमास्टर झालेली पाहण्यास ते हयात नव्हते.

या साऱ्या कारकिर्दीकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. यादी विजयांची लिहिली जाते. परंतु दोन विजयांच्या मध्ये निसटलेल्या संधी असतात, हरलेले डाव असतात, तुटलेला संपर्क असतो, मनाला लागलेले बोलणे असते. बाटुमीच्या पहिल्याच अंतिम डावात हातची संधी गेली, तेव्हा दिव्या हळहळत बसली असती, तर पुढचे तीन डाव तिला खेळताच आले नसते. झालेली चाल मागे घेता येत नाही. पुढची चाल मात्र अजून आपल्या हाती असते. बुद्धिबळाचा हा नियम पटापुरता नाही.

बुद्धिबळास महागडे मैदान लागत नाही. वजीर मारला गेला तरी पटावर एक सामान्य प्यादे उरलेले असते. ते एक एक घर सरकत, कोणाच्या फारसे ध्यानात न येता, पटाच्या पलीकडच्या कडेला पोचते आणि वजीर होते. वलगावच्या आसपास एखाद्या ओसरीवर आज कोणी मुलगी आपल्या आजोबांसमोर पट मांडून बसली असेल. आजोबा अडीच घरांचा जुना नियम सांगत असतील आणि ती शाळेत शिकलेला नवा नियम त्यांना समजावीत असेल. तिच्यापासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे आणि बाटुमी तर कित्येक हजार. पण तिच्यापुढच्या पटावर घरे चौसष्टच आहेत. बाटुमीच्या पटावरही तेवढीच होती.